मोफत चाचणी

प्रयोगशाळेच्या टेबलावर त्या सकाळी काँक्रीटचे नऊ ठोकळे होते. सहा एकाच पुलाचे, पाण्यात अठ्ठावीस दिवस मुरलेले, कडा शाबूत. तीन कुठल्याशा टाकीचे, त्यांतल्या एकाचा कोपरा आणतानाच उडालेला. खिडकीखाली चार सळ्या, प्रत्येकीवर पिवळ्या खडूने क्रमांक. एक पोलादी पट्टी, एक ब्रश, तुकडे भरायची लोखंडी पाटी अर्धी भरलेली. माणसं दोन: यंत्रावर तो आणि नोंदीच्या खुर्चीत गजर. गजर हे त्याचं नाव नव्हे. ठोकळा फुटायच्या बेतात आला की त्याला नेमका ठसका लागायचा, इतका नेमका की काट्याकडे न बघताच यंत्राच्या तोटीवरचा हात आवरता घ्यावा. भार सावकाश चढवायचा, एका लयीत. घाई केली की काँक्रीट आहे त्यापेक्षा मजबूत असल्याचा आव आणतं आणि आकडा खोटा येतो. पाचवा ठोकळा यंत्राच्या दोन पोलादी पाटांमध्ये होता, काटा सहाशेच्या पुढे सरकत होता, आणि टेबलावर पालथा ठेवलेला त्याचा फोन थरथरला. एरवी त्याने बघितलं नसतं. पण अण्णा, त्याचे वडील, घरी एकटे होते, म्हणून त्याने डाव्या हाताने फोन सुलटा केला. बँकेचा संदेश होता. त्याने तो वाचला, परत वाचला, आणि तेवढ्यात उजव्या हाताने तोटी पुरती उघडली होती हे त्याला कळलं नाही. उडणारे तुकडे अडवणारी जाळी खाली ओढायची राहिली होती. ठोकळा फुटल्याचा आवाज त्याने ऐकलाच नाही. गालावर काहीतरी गरम आपटलं, आणि मग गजरचा ठसका आला, त्या दिवशी पहिल्यांदाच उशिरा.

“डोळा वाचला रे बाबा,” गजर म्हणाला. “कोणाचा निरोप होता एवढा? सासरा मेला का इस्टेट ठेवून?”

“ॲप,” तो म्हणाला. “अण्णांचं. वर्षाचे पैसे कापले.”

“ते फुकटवालं?”

“तेच.”

“मग फुकटात गालही गेला म्हणायचा.” गजरने कापूस शोधला, तो सापडला नाही तेव्हा यंत्र पुसायचं स्वच्छ फडकं दिलं.

संडासाच्या आरशात त्याने गाल पाहिला. हाडाच्या वर आडवी चीर होती, रक्त हनुवटीकडे न जाता कानाकडे वाहत होतं, कारण तो मान वाकडी करून उभा होता. दुसऱ्या हाताने त्याने ॲप उघडलं. आठवड्यापूर्वी जिथे त्याने बोट टेकवलं होतं ते पान अजून तसंच होतं, हिरवं, हसऱ्या म्हाताऱ्याचं. ‘मोफत चाचणी सुरू करा’. खिशातली पोलादी पट्टी काढून त्याने काचेवर ठेवली. त्याला तेवढंच सुचलं. बटणावरची अक्षरं सहा मिलिमीटर. त्याखाली, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात एक ओळ, जी त्याने तेव्हा शोभेची रेघ समजून सोडली होती: रद्द न केल्यास वार्षिक शुल्क आपोआप. तिची उंची एका मिलिमीटरला जेमतेम भिडत होती. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला. तो त्याने अंगठ्याने पुसला, तर तो करड्या ओळीवरच फासला गेला.

चाचणी हा शब्द त्याच्या हाडीमाशी खिळलेला होता. अण्णा याच खोलीत, याच यंत्राच्या आधीच्या यंत्रावर, तीस वर्षं ठोकळे फोडत होते. चाचणी झाली म्हणजे संपलं, ही घरातली भाषा. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की आई म्हणायची, झाली एकदाची चाचणी, आता टाक पाटीत. चाचणी झालेला ठोकळा कोणी परत मागायला येत नाही; तो यंत्रात तसाच ठेवून वर्षभर दाबत बसा असंही कोणी सांगत नाही. म्हणून ताईने, त्याच्या मोठ्या बहिणीने, दूरच्या शहरातून तो दुवा पाठवला आणि फोनवर म्हणाली, “अरे फुकट आहे सात दिवस, कार्ड नुसतं दाखवायला मागतात,” तेव्हा त्याने विचारलं होतं, “दाखवायला म्हणजे?” “म्हणजे हॉटेलात ओळखपत्र दाखवतोस तसं. ठेवून घेतात का ते? तू ना, अण्णांसारखाच संशयी झालायस.” या शेवटच्या वाक्यासाठी त्याने कार्डाचा आकडा भरला. सात दिवसांनी चाचणी संपेल, संपली की संपली, असं तो इतकं सहज धरून चालला की बायकोने सातव्या दिवशी विचारलं, “ते बंद केलंस ना?” तेव्हा तो हसला होता. बंद काय करायचं? चाचणी होती ती.

ज्या खात्यातून पैसे गेले त्यात आता काही उरलं नव्हतं, आणि जे होतं ते अण्णांच्या उजव्या हाताचं होतं. झटक्यानंतर अण्णांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हाताचे व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी यायची. तिचे पुढच्या तीन महिन्यांचे पैसे त्याने बाजूला ठेवले होते, कारण याच तीन महिन्यांत जे परत यायचं ते येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाचेसाठी ॲप होतं. ॲपमधला बायकी आवाज चित्रं दाखवायचा, अण्णा शब्द म्हणायचे. आधी ‘पाणी’ आलं, मग ‘चमचा’, मग ‘दार’. हो आणि नाही मात्र सुरुवातीला उलटसुलट व्हायचं, चहा हवा असताना ते नाही म्हणायचे आणि कप सरकवला की चिडायचे. ॲपने कुत्र्याचं चित्र दाखवून विचारलं, हा मासा आहे का? अण्णा म्हणाले, “नाही.” शाब्बास, ॲप म्हणालं. चार दिवसांत अण्णांचं हो हे हो झालं आणि नाही हे नाही. शाब्बास हा शब्द त्या घराच्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकला असावा. तो आला की अण्णा मान खाली घालून, ओठाच्या चालत्या कोपऱ्याने हसायचे, आणि तो शेजारच्या खोलीत कपडे घडी घालताना ते ऐकायचा आणि शर्टाची बाही उगाच दोनदा दुमडायचा.

ॲपच्या मदतीच्या पानावर माणूस नव्हता. एक चौकोन होता, त्यात अक्षरं उमटत होती. आपण आम्हाला सोडून जाताय याचं वाईट वाटतं. शुल्क लागल्याच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रद्द केल्यास पूर्ण परतावा मिळेल. तो भिंतीला टेकला. पुढची अक्षरं उमटली. सुरक्षिततेसाठी सदस्याने स्वतःच्या आवाजात हे वाक्य स्पष्ट म्हणावे: मला माझा सराव आज कायमचा बंद करायचा आहे.

त्याने ते वाक्य तिथेच, संडासात, म्हणून पाहिलं. आवाज जुळत नाही, ॲप म्हणालं.

प्रयोगशाळेच्या मॅडमना त्याने गाल दाखवला, त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि टाका घालून घे म्हणाल्या. तो दवाखान्याकडे वळला नाही. रस्त्याच्या कडेने जाताना त्याच्या डोक्यात एक माणूस तयार झाला, ज्याने ती करडी ओळ एक मिलिमीटरची ठेवली तो. वयाने तरुण, स्वच्छ नखांचा. कुणीतरी त्याला म्हटलं असेल, ओळ थोडी मोठी कर, आणि तो म्हणाला असेल, नको, लोक वाचतात. त्याने त्या माणसाचा हात मनगटापासून धरून दोन पाटांमध्ये ठेवला. तोटी सावकाश उघडली. आधी कातडी पांढरी पडते, मग बोटांचे सांधे एकेक करून बाजूला सरतात, ठोकळ्यासारखा मोठा आवाज होत नाही, ओल्या फांदीसारखा होतो, काटा थरथरतो आणि मागे येतो. फळवाल्याच्या गाडीपाशी त्याला थांबावं लागलं. तोंडाला पाणी सुटलं होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. आपल्याला हे करायला आवडलं, हे त्याला नीट कळलं, आणि पुढच्या चौकात त्याने त्या माणसाचा दुसरा हात घेतला.

लग्न ठरलं तेव्हा त्याने बायकोला एकच गोष्ट सांगितली होती. आमच्या घरात हात चालतो. माझा चालणार नाही. ती म्हणाली होती, “आणि चालला तर?” तो म्हणाला होता, “तर तू निघून जा, मी अडवणार नाही.” बारा वर्षं त्याने तो हात सांभाळला. भांडणात हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरासारखा, आणि बायको रागातही हसायची, “सोड आता, प्रार्थना संपली.” तिला गंमत वाटायची. त्याला पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट किती जोरात धरावं लागतंय ते ठाऊक असायचं. अण्णांचा हात रागाने सुटत नसे, हेच त्यातलं भयंकर होतं. ते रविवारी त्याला प्रयोगशाळेत न्यायचे, यंत्राच्या काट्यासमोर स्टुलावर उभं करायचे. वाच. तो वाचायचा. एक बारीक रेघ चुकली की कानशिलात, उघड्या पंजाने, ना जास्त ना कमी, आणि मग शांतपणे, पुन्हा. बधिर झालेल्या कानात समुद्र वाजायचा आणि त्या समुद्राच्या वर ‘पुन्हा’ ऐकू यायचं. एकदा त्याने बरोबर वाचलं होतं, अण्णांनी चुकीचं धरलं आणि मारलं, मग स्वतः वाकून पाहिलं.  त्यांनी काटा शून्यावर आणला आणि म्हणाले, पुढचा वाच.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते. डाव्या हातात फोन, मांडीवर उशी, उशीवर लुळा उजवा हात आपला नसल्यासारखा ठेवलेला. “खि… खिडकी,” ते फोनला म्हणाले. शाब्बास. मग त्यांनी मान वर केली, त्याचा गाल पाहिला, आणि भुवया वर गेल्या.

“काही नाही, खरचटलं,” तो म्हणाला. त्याने स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. “अण्णा, एक काम आहे. एक वाक्य म्हणायचंय. मी म्हणतो तसं म्हणा. मग झालं.”

अण्णांनी मान डोलावली. ते तयार होते. पाठ सरळ केली, जीभ ओठांवरून फिरवली. त्यांच्या हातातच फोन ठेवून त्याने रद्द करायचं ते पान उघडलं.

“मला.”

“म… मला.”

“माझा सराव.”

“माझा… चमचा.”

छान प्रयत्न, ॲप म्हणालं. पुन्हा एकदा.

“सराव, अण्णा. स-रा-व.”

“सरा… पाणी.”

छान प्रयत्न. पुन्हा एकदा.

भिंतीवरचं घड्याळ अण्णांच्या डोक्याच्या बरोबर वर होतं, म्हणून त्यांच्याकडे पाहताना त्याला वेळ दिसायची. दुपारपासून हेच चाललं होतं, आता पाच वाजून गेले होते. त्याने पाणी पाजलं, हनुवटी पुसली, वाक्याचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले. अण्णा घामाघूम झाले. त्यांनी ‘मला’ म्हटलं, ‘आज’ म्हटलं, एकदा तर ‘कायम’ म्हटलं, आणि शाब्बास हा शब्द त्याच्या दातांपर्यंत आला. पण तो बाहेर पडण्याआधी ॲप म्हणालं, छान प्रयत्न, पुन्हा एकदा, आणि शब्द मागे गेला. त्याला जाणवलं की आपण आता तुकडे सांगत नाही आहोत. आपण नुसतं “पुन्हा” म्हणतोय. ॲपच्या आधी म्हणतोय. आवाज शांत आहे. किती शांत आहे ते त्याने बाहेरून ऐकल्यासारखं ऐकलं.

“पुन्हा.”

“मला… आज…”

“बंद करायचा आहे. बंद, अण्णा. हे बंद करायचंय. पुन्हा.”

अण्णा थांबले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांचे डोळे अजून बरोबर वाचायचे. लुळी पडली होती ती उजवी बाजू, नजर नव्हे. इतका वेळ आपल्याला काय म्हणायला लावलं जातंय ते त्यांना आता कळलं. त्यांनी तोंड मिटलं, चालता कोपरा आत ओढून.

“म्हणा.”

“नाही,” अण्णा म्हणाले. स्वच्छ.

“तुमच्या हाताचे पैसे आहेत ते! या हाताचे!” त्याने उशीवरचा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि सोडला. तो थाडकन उशीवर पडला. “बोलून काय करणार आहात? काय बोलायचंय अजून? आयुष्यभर बोललात ना?”

“नाही.”

“द्या इकडे.”

अण्णांनी फोन छातीशी धरला. डावा हात अजून त्यांचा होता, तीस वर्षं तोट्या आवळणारा हात, आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला, एक मनगटावर, एक बोटांवर. सावकाश ओढायला हवं होतं. त्याला ते माहीत होतं, ओढत असतानाही माहीत होतं. अण्णा खुर्चीतून पुढे आले, उशी खाली गेली, त्यांचं कपाळ त्याच्या फाटक्या गालावर आपटलं, आणि त्या कळीने त्याच्या डोळ्यांपुढे जे पांढरं झालं त्यात स्टूल नव्हतं, काटा नव्हता, कोणीच नव्हतं, फक्त हातात एक मनगट होतं आणि ते पिळायचं होतं. त्याने पिळलं. घाईने, पूर्ण जोर लावून. सळी तुटण्याआधी बारीक होते, ताणते, सांगते. काँक्रीटही आधी करकरतं. याने काहीच सांगितलं नाही. कट्, एवढंच. आणि मग अण्णा ओरडले, इतक्या मोठ्याने की जिन्यात कुणाचं तरी दार उघडलं.

शाब्बास, ॲप म्हणालं. आज तुमचा आवाज छान मोकळा झाला.

फोन जमिनीवर पडला होता, काचेला ओरखडाही नव्हता. त्याने तो उचलून भिंतीवर आपटला, मग उचलून परत, मग टाचेखाली घेतला, आणि काच उघड्या तळव्यात घुसली तरी तो दाबत राहिला. अण्णा ओरडायचे थांबले होते. ते त्याला बघत होते, त्याने लहानपणी त्यांना बघितलं असेल तसं. ओळखीचं काहीतरी पुन्हा घडतंय, एवढंच त्या नजरेत होतं.

बायको कामावरून थेट दवाखान्यात आली. तिने आधी अण्णांचा सुजलेला हात पाहिला, मग त्याचा गाल, मग त्याचा पाय. डॉक्टर तरुण होते, दमलेले, समोर कागद होता.

“कसं झालं?”

“पडले,” तो म्हणाला.

“नाही,” अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. “काय म्हणताय आजोबा? पडलात ना?”

“नाही.” अण्णांनी डावा हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला गेला नाही. उजवा तर नव्हताच. दाखवायला त्यांच्यापाशी काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी हनुवटी त्याच्या दिशेने वळवली. “नाही. ना…ही.”

“झटका येऊन गेलाय यांना?” डॉक्टरांनी बायकोला विचारलं. ती हो म्हणाली. “मग बरोबर. अशा वेळी हो आणि नाही उलटसुलट होतं. त्यांना हो म्हणायचं असतं.” त्यांनी कागदावर एक शब्द लिहिला.

बायको त्याच्याकडे बघत होती. अण्णांचं नाही आता नाहीच असतं, हे तिलाही माहीत होतं. कुत्र्याच्या चित्राच्या वेळी टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. डॉक्टरांनी कागद उलटला तोवर थांबली. त्याने हात पाठीमागे घेतले होते.

“घरी कोण होतं?” बाहेरच्या बाकावर तिने विचारलं.

“मी.”

“अजून कोण?”

 तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, स्वतः प्यायली, झाकण लावलं. “अण्णांना मी ताईकडे पोहोचवते प्लास्टर निघेपर्यंत,” ती म्हणाली. “मीही तिथेच राहीन. तूच म्हणाला होतास, अडवणार नाही.”

“हो,” तो म्हणाला.

परतावा आला नाही. वर्षभराचं सदस्यत्व चालू राहिलं. दर सकाळी त्याच्या स्वतःच्या फोनवर संदेश यायचा की आज तुमचा सराव राहिला आहे. तो एकटाच जेवायचा, प्रयोगशाळेत जायचा, जाळी खाली ओढायचा. गजरने दोनदा विचारलं, “वहिनी माहेरी गेल्यात का?” आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. कधी कधी संध्याकाळी तो ताईच्या घरी फोन करायचा. ताई उचलायची, “ते झोपलेत” म्हणायची, आणि मागे, दूर, अण्णांचा आवाज यायचा, एकेक शब्द, कुणीतरी हळूच म्हणवून घेतलेला.

प्लास्टर निघाल्यावर अण्णांना तपासणीसाठी त्याच दवाखान्यात आणलं. बायकोने त्याला कळवलं होतं. ये असं म्हटलं नव्हतं, येऊ नको असंही नाही. तो गेला. खोलीत व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, निळ्या कोटातली, हसरी. तिने पकडीचा जोर मोजायचं यंत्र काढलं, पंजात मावेल असं, वर छोटी तबकडी. अण्णा टेबलापाशी बसले होते, बायको त्यांच्या खांद्याला धरून. तो दाराशी उभा राहिला. अण्णांनी त्याला पाहिलं आणि नजर हटवली नाही.

“आजोबा, हे घट्ट दाबायचं. इतकं घट्ट, की मी पळून जातेय आणि तुम्ही मला धरताय,” मुलगी म्हणाली. अण्णांना काय करायचं ते नीट समजेना. ते यंत्र धरून नुसतेच बसले. “थांबा हं. तुम्ही मुलगा ना? या इकडे. तुम्ही करून दाखवा, म्हणजे त्यांना कळेल.”

बायकोने खांद्यावरचा हात काढला नाही. तो पुढे आला. मुलीने यंत्र त्याच्या उजव्या हातात दिलं, कोपर शरीराला टेकवून घेतलं आणि म्हणाली, पूर्ण जोर लावा. त्याने दाबलं. मग तिने ते अण्णांच्या हातांत दिलं, आधी एका, मग दुसऱ्या, आणि तिन्ही आकडे एकाखाली एक वाचून दाखवले.

मुलगा, उजवा: चोपन्न किलो. वडील, उजवा: तीन. वडील, डावा: सात.